कापसाच्या घरातली चूल

रुकय्याखालाबद्दल चांगलं लिहायचं माझ्या बिलकुल मनात न्हाई. पण लिहायला बसले की चांगलंच निघतं, त्याला मी काय करू. मी आता जालन्यात एका वकिलांकडं टायपिंग करते, बोटांना जल्दीची सवय लागली. तर जसं आठवून राह्यलं तसं सांगते, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी लग्न होऊन वडीगोद्रीला आले तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाल्ती. आमचे हे तिथं शाळेवर मास्तर. घर भाड्याचं, मातीच्या माळवदाचं, एका ओळीत तीन घरं. शेवटचं आमचं आणि त्याला लागून खालाचं. मधी कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून विस्तव जायचा, भाजी जायची, लोणचं जायचं, आणि सगळ्यात जास्त जायची ती माझी सासू.

आता हे नीट समजून घ्या, न्हाईतर पुढचं सगळं वाया. माझी आई मी सहावीत असताना गेली. लग्न ठरलं तेव्हा मला नवऱ्यापेक्षा सासूचीच जास्त उत्सुकता होती. हसू नका. मला वाटल्तं, तिथं आपल्याला एक आई भेटल. भेटली पण. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मायाळूच होत्या. फक्त दुपारची भाकर खाल्ली की त्या पदर सावरायच्या, म्हणायच्या, "आलेच गं," आणि भिंतीपलीकडं. ते दिवे लागायला परत.

खालाचे मालक उस्मानचाचा पिंजारी. पुढच्या खोलीत त्यांची कापूस पिंजायची मोठी कमान दिवसभर धुंग धुंग करायची आणि घरात कापूस उडायचा. खालाच्या भुवयांवर कापूस, मांजरीच्या मिशांवर कापूस, चहाच्या बशीत कापूस. आणि त्याच माळवदाखाली, दहा-बारा पावलांवर, खालाची चूल. तीस वर्षं तिनं त्या घरात रोज दोन वेळा जाळ केला आणि कापसाचं एक पेळू जळालं न्हाई. हे वाक्य मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी ऐकवलं, मंग ह्यांनी ऐकवलं, मंग दूधवाल्यानं पण ऐकवलं.

खाला दिसायला उंच, काटक, गालावर देवीचे वण. लेकरूबाळ न्हाई. पण मी तिचं तोंड न्हाई बघायची, हात बघायची. चुलीपुढं जन्म गेलेल्या बाईचे हात, आणि त्यांवर भाजल्याचा एक डाग न्हाई. माझ्या हातांवर महिन्याभरात चार झाल्ते. मी बाही ओढून ते झाकून ठेवायची.

तिची चूल पेटवायची तऱ्हाच येगळी. आधी कापसाच्या आणि चुलीच्या मधी टांगलेलं पोतं पाण्यानं ओलं करायची. रोज, दोन्ही वेळा. मंग पदर कमरेला असा करकचून खोवायची की कुणी ओढला तरी सुटू नये. चुलीपुढं तीन हातांवर चुन्याची एक रेघ होती. त्या रेघेच्या आत पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, काडी नको, चिंधी नको, लेकरू नको, मांजर नको. एका हाताला भरलेली घागर. लाकूड घेताना दोन लाकडं एकमेकांवर आपटून ऐकायची. टण् वाजलं तर चुलीत, बद्द वाजलं तर उन्हात. हे सगळं होईपर्यंत माझ्या घरी चहा उकळून झालेला असायचा. मी म्हणायची, चूल पेटवायला एवढं सोंग कशाला.

माझं मात्र असं की मी मॅट्रिक. पुस्तकातलं सगळं येत होतं, पण माहेरी घासलेटचा स्टो होता. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी चूल काही केल्या धरंना. पऱ्हाटी ओली, धूर डोळ्यांत, ह्यांना शाळेला उशीर. मी आतमधी लाल दिसतंय तरी वरून रॉकेलचा डबा वाकडा केला. भक्कन जाळ आला, माझ्या भुवया गेल्या, आणि डबा हातातून सुटला तो नशिबानं लांब पडला. मी अशी बसलेली, आणि भिंतीवरून आवाज आला.

"अगे मास्तरणी, चूल हाय ती. दिवाळी न्हाई."

खाला. हातात काथवट, पिठाचे हात. घाबरली न्हाई, ओरडली न्हाई. डबा आधी लांब उचलून ठेव म्हणाली, मंग राख टाक म्हणाली, मंग म्हणाली, "विस्तव दिसला की रॉकेल विसरायचं. बराबर?" आणि गेली. त्या दिवसापासून मी सगळ्या गल्लीत मास्तरीण झाले, आणि दीड महिना बिनभुवयांची मास्तरीण.

विस्तवाचं पण सांगते. त्या गल्लीत सकाळी काडी कुणी ओढत न्हवतं. खाला रात्री निखारे राखेत असे पुरून ठेवायची की पहाटे उकरले तर लालबुंद. मंग बाया तिच्याकडं विस्तव मागायला. पण ती उघडा विस्तव कुणाला द्यायची न्हाई. एकदा पलीकडची सरूबाई गवरीवर निखारा ठेवून निघाली, तर खालानं तिला दारातच अडवलं.

"झाकण आण, मंग ने."

"खाला, दहा पावलं तर जायचं."

"वारं काय गावाबाहेर उभं राहतं? ह्या दहा पावलांतच असतं ते."

सरूबाई बडबडत गेली आणि झाकण घेऊन आली. सगळ्याच यायच्या. मी न्हाई. मी दुकानातून काड्यापेटी आणली. आत्याबाई म्हणाल्या, "शेजारी विस्तव असताना काडी कशाला ओढती गं?" मी म्हणाले, "मला येतं पेटवायला." त्यांनी नुसतं माझ्या भुवयांकडं पाह्यलं. ते बोलण्यापेक्षा वाईट.

मंग मी एक ठरवलं. आमची चूल पण खालानंच घातलेली होती, मी यायच्या आधी. मागं खापराचे नळ एकावर एक बसवून माळवदातून वर धुराडं काढलेलं. घरात धूर न्हवता, ते खरं. पण मला रोज सकाळी तिच्या बोटांचे ठसे दिसायचे त्या मातीत. माझ्या घरात, माझ्या सैपाकघरात, तिची बोटं. मी म्हणलं आपली चूल आपण घालायची.

आत्याबाई अंबडला लेकीकडं गेल्त्या दोन दिवस. मी परसात पांढरी माती कालवली, भुसकट घातलं, शेण घातलं, आणि भारी सुबक चूल घातली. वर नक्षी पण काढली, शंख आणि कमळ. खालानं भिंतीवरून एकदा डोकावलं.

"चांगली झाली. आठ दिवस सावलीत सुकू दे. मंग थोडा थोडा जाळ दे, एकदम न्हाई."

तिनं आठ म्हणलं म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी पेटवली. आत्याबाई संध्याकाळी येणार होत्या, मला दाखवायची होती. वर डाळीचं पातेलं, खाली पूर्ण जाळ. पाव घंटा झाला आन् आतून फाट् असा आवाज, चूल मधोमध दुभंगली, पातेलं कलंडलं, डाळ कमळावरून वाहत गेली. आणि आत्याबाई त्याच वेळेला पिशवी घेऊन दारात.

त्यांना हसू आवरंना. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "शंख तेवढा शाबूत हाय." मी पण हसले वरवर. पण त्या रात्रीचं जेवण खालाकडं झालं. आम्हा तिघांचं. तिच्या चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरी, धुराचा वास न्हाई, करपलेली एक न्हाई. ह्यांनी तीन खाल्ल्या आणि चौथी मागितली. घरी दोन खायचे. मी मोजत होते.

दर महिन्याला खाला माळवदावर चढून धुराडी साफ करायची, तिचं आणि आमचं पण. लांब बांबू, त्याच्या टोकाला चिंध्यांचा बोळा. म्हणायची, काजळी म्हणजे वर टांगून ठेवलेलं जळण, एक ठिणगी वर गेली की झालं. शिडी धरायला मी. त्यात माझी मर्जी कुणी विचारली न्हाई. मी तोंड वाकडं करून एका हातानं धरायची, आणि ती वरून न बघताच म्हणायची, "दोन्ही हातानं धर मास्तरणी. एक हात शिडीला आन् एक हात रागाला, असं चालत न्हाई." काजळीनं तिचं तोंड काळं, दात तेवढे पांढरे. मी दोन्ही हातानं धरायची. आवडत न्हवती म्हणून काय पाडायची होती थोडीच.

मंग मला दिवस गेले. आई न्हवती म्हणून बाळंतपण सासरीच. खरं सांगते, ते नऊ महिने मी खुश होते, कारण आत्याबाई दुपारी घरी राहायला लागल्या. पौषात मुलगी झाली. थंडी अशी की रांजणातलं पाणी हाताला चावायचं. बाळंतिणीची अंधारी खोली, बाज, बाजेखाली शेगडी. सगळीकडं असंच करतात, दारं-खिडक्या लावून घेतात, लेकराला वारं लागायला नको म्हणून.

खाला पहिल्याच दिवशी आली आणि खिडकी उघडली. चार बोटं. बाहेरून फळीला दगड लावून ठेवला.

आत्याबाई म्हणाल्या, "बाई, लेकराला वारं लागल."

"लागू दे आक्का, चार बोटांचं लागू दे. पांघरूण वाढव." मंग माझ्याकडं वळली. "धूर चांगला. धूर खोकलायला लावतो, सांगून येतो. कोळसा मुका असतो. गोड झोप देतो आन् उठूच देत न्हाई. शेगडी बाहेर पेटवायची, वरची निळी ज्योत गेली, कोळसा पुरता लाल झाला की मंग आत. आन् झोपायच्या आधी बाहेर."

मी मान हलवली. माझी खोली, माझी लेक, माझी शेगडी, आणि कायदे हिचे.

बारावा दिवस होता. दुपारची येळ, हे शाळेत. मी झोपले असं समजून आत्याबाईंनी शेगडी तशीच ठेवून दार हळूच ओढून घेतलं आणि गेल्या. कुठं ते सांगायला नको. ती खिडकी खालाच्या परसाकडंच उघडायची. त्या चार बोटांतून मला आवाज आला, दोघींचा. हसून राह्यल्या होत्या. आत्याबाई तशा माझ्यासमोर कधी हसायच्या न्हाईत, श्वास अडकेपर्यंत, लहान पोरीसारख्या. मी ऐकत पडले. पुन्हा हसल्या. मी उठले, बाहेर हात घालून दगड ढकलला आणि खिडकी लावली. फट राह्यली, आवाज येतच होता. उशाला माझ्या जुन्या हिरव्या पातळाचा तुकडा होता, तो फटीत गच्च कोंबला. मंग कायच ऐकू येईना. बरं वाटलं.

बरंच वाटत गेलं. डोकं जड झालं, कानात उस्मानचाचांची कमान धुंग धुंग. पोरगी कुशीत होती, एकदा चुळबुळली आणि गप पडली. मला वाटलं झोपली. उठावं, शेगडी सरकवावी असं मनात आलं, पण हात काही ऐकंना. हात कुणा दुसऱ्याचेच होते.

त्याच्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. दार धाडकन उघडलं. खाला. तिला परसातून लागलेली खिडकी दिसली असणार. तिनं मला आधी न्हाई उचललं, पोरीला उचललं आणि पळाली. मंग परत आली आणि मला काखेत हात घालून ओढत अंगणात आणलं. ऊन. गार वारं. मी ओकले. खाला पोरीला उताणी धरून तिच्या तळपायाला टिचक्या मारत होती, तोंडावर फुंकर घालत होती. पोरगी चुनखडीसारखी. आत्याबाई जमिनीवर बसलेल्या. किती येळ गेला कुणास ठाऊक. मंग पोरीनं तोंड वाकडं केलं आणि अशी रडली की सरूबाई तिकडून पळत आली. मी पोरीचं रडणं ऐकलं आणि मंगच मला माझा श्वास घेता आला.

आत्याबाईंना बोलायला यायला लागलं तेव्हा पहिलं वाक्य हेच. "खिडकी कुणी लावली?"

मी खाली बघितलं.

"वाऱ्यानं लागली," खाला म्हणाली.

"आज वारं कुठंय बाई?"

"सकाळी व्हतं."

तिच्या कमरेला, खोवलेल्या पदराशेजारी, हिरवं टोक दिसत होतं. माझ्या पातळाचं. मला ओढायच्या आधी की मला बाहेर आणल्यावर, कधी काढलं तिनं ते फटीतून, मला आजपर्यंत कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई दुधाला गेल्या तेव्हा ती आली. बसली न्हाई. उभ्यानंच म्हणाली, "कशाला लावली?"

मी म्हणाले, "तुम्ही दोघी हसत होत्या."

तिनं थोडा विचार केला. "हसत व्हतो खरं." मंग म्हणाली, "काय सांगत व्हती ती, म्हाईत हाय? तुझी चूल फुटली, कमळावरून डाळ वाहिली, ते. दहांदा सांगून झालं तिचं. रोज येती आन् तुझंच सांगती. सूनबाईनं असं केलं, सूनबाई असं बोलली, सूनबाईला वाचता येतं, सूनबाईचं अक्षर मोत्यासारखं. अगे, माझे कान किटले तुझ्यानं. मला एक सून न्हाई, एक लेकरू न्हाई, आन् मी रोज दोन घंटे बसून दुसऱ्याची सून ऐकायची. कसं वाटत असंल मला?"

मी पोरीचं पांघरूण सारखं केलं.

"माझा राग आला तर माझ्यावर काढायचा. भिंतीवरून दगड मार. लेकराच्या खिडकीवर न्हाई." तिनं खिडकीची फळी आपल्या हातानं उघडली, मंग परत लावली. "आजपासून शेगडी तुझी. आक्का बघणार न्हाई, मी बघणार न्हाई. किती बोटं उघडायची ते तूच ठरव."

आणि गेली. मी उठून उघडली. चार बोटं. मोजून.

तुम्हाला वाटंल, मंग मी सुधारले आणि आम्ही मायलेकींसारख्या झालो. तसं काही न्हाई. उलट आधी तरी मला तिचा राग करायला जागा होती, ती पण तिनं ठेवली न्हाई. आणि तो हिरवा तुकडा तिनं मला परत केला न्हाई. दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोतेरं केलं. रोज सकाळी भिंतीपलीकडं बघावं तर खाला पांढऱ्या मातीत माझं पातळ बुचकळून चूल सारवून राह्यली. एकदा मी धीर करून म्हणाले, "खाला, तो तुकडा माझा आहे."

"हौ," ती म्हणाली. "चांगला माती धरतो."

पण राख झाकून ठेवायला मी तिच्याकडून शिकले. लाकूड वाजवायला शिकले. चुन्याची रेघ मी पण ओढली, आणि माझी मुलगी रांगायला लागली तेव्हा त्या रेघेपाशी येऊन थांबायची आणि वळून माझ्याकडं बघायची. निखारे पुरायला मात्र मला कधी जमलं न्हाई. खालाचे पहाटे लाल निघायचे, माझे निम्मे मेलेले. आत्याबाई म्हणायच्या, "हळूहळू जमंल." त्या आता दुपारी मला पण सोबत न्यायच्या, आणि तिथं त्या दोघी हसायला लागल्या की मला निम्मं कळायचं न्हाई, कारण ते माझ्या यायच्या आधीचं असायचं.

मंग ह्यांची बदली झाली, आम्ही जालन्याला आलो. इथं गॅसची शेगडी आहे, काडी लावली की निळा जाळ. निघताना खाला ट्रकपर्यंत आल्ती. पोरीच्या हातात गूळ दिला. मला म्हणाली, "गॅसची पण खिडकी उघडी ठेव." बस, एवढंच. मी रडले, ती न्हाई. आत्याबाईंना मात्र तिनं येळभर धरून ठेवलं, आणि मी ट्रकमधी बसून त्या मिठीकडं बघत होते.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि पोरगी एसटीनं चाललो होतो. वडीगोद्रीला गाडी चहापाण्याला थांबली. कंडक्टर म्हणाला धा मिनिटं. मी पोरीला कडेवर घेतलं आणि पळत सुटले. खालाला दाखवू, म्हणलं, बघ केवढी झाली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले आणि थांबले.

खाला माळवदावर होती. तिच्या न्हाई, आमच्या. आमच्या जुन्या घराच्या. बांबू धुराड्यात खालवर करून राह्यली होती, तोंड काळंमिट्ट. बांबू वर आला तेव्हा त्याच्या टोकाला बोळा दिसला, काजळीतून अजून जरा हिरवा. खाली शिडीपाशी एक नवी पोरगी, हातात भरून बांगड्या, नवीनच लग्न झालेली असणार. तोंड वाकडं करून वर रॉकेलचं काहीतरी बोलली. खाला वरून म्हणाली, "अगे, चूल हाय ती. दिवाळी न्हाई."

ते माझं वाक्य होतं. मला म्हणलेलं होतं.

पोरीनं विचारलं, "आई, कोण गं ती?" मी हाक मारायला तोंड उघडलं, पण मागं गाडीचा हॉर्न वाजला, आणि खालानं वळून पाह्यलं न्हाई. मी तेवढ्यात त्या बांगड्यावालीकडंच बघत होते. तिनं शिडी एका हातानं धरल्ती. शिडी दोन्ही हातानं धरायची असते, एवढं पण तिला अजून येत न्हवतं.